दोन फूट आखूड

तुझ्या आजोबांबद्दल लिहून घ्यायचं म्हणतेस, तर घे लिहून. पण त्या वेळी ते तुझे आजोबा नव्हते, नुसता अमोस टिडबॉल होता, पाद्रीसाहेबांच्या बागेतला माळी. म्हणून मी 'तो'च म्हणणार. तुझ्या आईला आवडायचं नाही, पण ती तेव्हा नव्हती आणि मी होते.

तर हा माणूस बोलायचा कमी आणि मोजायचा फार. वाटाण्याची ओळ लावायची असो नाहीतर गुलाबाचा वाफा काढायचा असो, दोरी धरल्याशिवाय फावडं मातीला लावायचा नाही. दोरी त्याच्या बापाची, तागाची, ठरलेल्या अंतरावर गाठी मारलेली, हाताळून हाताळून काळी पडलेली. काम झालं की ती शेडमधल्या खुंटीला जायची आणि त्या खुंटीला दुसरं काही टांगलेलं त्याला चालायचं नाही. मी एकदा माझी टोपी टांगून बघितली. त्याने ती काढून बटाट्यांवर ठेवली, अगदी हळू हाताने, पण बटाट्यांवरच.

मी पाद्रीसाहेबांकडे स्वयंपाकाला होते. नऊ वर्षं त्याचं माझ्याकडे येणं चाललं होतं. येणं म्हणजे काय, स्वयंपाकघराच्या दारात यायचं, टोपली ठेवायची, हवेबद्दल एक वाक्य बोलायचं आणि जायचं. पण वर्षातली पहिली काकडी आधी माझ्या टेबलावर यायची आणि मग पाद्रीसाहेबांच्या बायकोला, थ्रॉकलीबाईंना, कळायचं की काकड्या लागल्या. पहिले वाटाणे माझे, पहिली स्ट्रॉबेरी माझी. सगळं नेदरकोंब गाव ओळखून होतं. तोच एक विचारत नव्हता.

त्याचंही खरं होतं म्हणा. तो झोपायचा तबेल्याच्या माळ्यावर. घोड्यांच्या डोक्यावर संसार कसा थाटायचा? बागेच्या भिंतीला लागून एक छोटं घर होतं, दोन खोल्यांचं, मोठ्या माळ्यासाठी. मोठा माळी वारला, त्याची बायको वसंतात मुलीकडे राहायला गेली आणि घराला कुलूप लागलं. काम सगळं अमोसच करत होता, पण मोठा माळी म्हणून त्याचं नाव काही लागत नव्हतं, आणि नाव लागल्याशिवाय किल्ली मिळत नव्हती. मी रोज भांडी घासताना खिडकीतून त्या घराकडे बघायची. पडदे कुठले लावायचे तेसुद्धा माझं ठरलं होतं.

अडलं होतं ते थ्रॉकलीबाईंपाशी. पाद्रीसाहेब देवाचं बघायचे, बाकी सगळं बाईंचं. आणि बाईंच्या कानाला मेजर हारबॉटल लागले होते. हे मेजर निवृत्त होऊन गावात राहायला आलेले, मिशा अशा की चहाचा कप आधी मिशांना लागायचा. ते म्हणायचे, शहरात एक तरुण माळी आहे, पितळी डबीतली टेप वापरतो, इंचाचा फरक पडू देत नाही, हा तुमचा अमोस दोरीवर किती दिवस चालणार? शेवटी बाईंनी अमोसला बोलावून सांगितलं की जुलैत आपल्या हिरवळीवर टेनिसचे सामने आहेत, आठ जण खेळणार, सगळा मुलूख बघायला येणार. मैदान चोख आखलंस तर किल्ली तुझी. नाहीतर सप्टेंबरअखेर त्या शहरातल्या मुलाला बोलावते.

अमोस म्हणाला, बरं बाई. आणि येऊन मला म्हणाला, हवा छान आहे.

टेनिस तेव्हा नवंच होतं. खेळणारे सगळे हौशी, घरंदाज लोक, ज्यांना दुपारी दुसरं काम नसतं असे. आदल्या वर्षीपर्यंत मैदानाला कंबर असायची. दोन्ही टोकांना रुंद आणि मध्ये जाळीपाशी बारीक, बायकांच्या कपड्यांसारखं. अमोसला त्याची लाज वाटायची. मग कुणीतरी मोठ्या लोकांनी लंडनात बसून ती कंबर काढून टाकली आणि मैदान सरळ चौकोनी झालं. बाईंनी नियमांचं नवं पुस्तक मागवलं. अमोसला वाचता येत नव्हतं, मलाही नाही, तेव्हा बाईंनी आकडे वाचले आणि त्याने ते लक्षात ठेवले. जाळीपासून मागच्या रेघेपर्यंत एकोणचाळीस फूट, दोन्ही बाजूंना सारखं. तो इतका खूश की मला त्या दिवशी एक अख्खा फ्लॉवर मिळाला.

आता यात माझं पाप कुठे आलं ते ऐक.

सामन्याच्या आदल्या संध्याकाळी तो आखायला बसला. सफरचंदाच्या झाडांकडची बाजू पूर्ण केली, खडूच्या पाण्याने रेघा मारल्या, सुरीने कापल्यासारख्या. चर्चच्या मनोऱ्याकडची बाजू राहिली होती. तेवढ्यात मी दारातून हाक मारली की अमोस, गूजबेरीची फळं भरून कणकेत भाजलेला 'पाय' भट्टीतून काढलाय, गरम आहे तोवर ये. मला काय माहीत, तो त्या संध्याकाळी विचारायचं ठरवून होता. हे त्याने मला लग्नानंतर सांगितलं. म्हणून दोरी हातातून टाकून आला. बसला, एक तुकडा खाल्ला, माझ्याकडे बघितलं, दुसरा खाल्ला, घसा साफ केला, तिसरा खाल्ला, आणि म्हणाला, वरची पोळी जरा जाड झालीय. मग उठून थेट माळ्यावर झोपायला गेला. आणि बापाच्या वेळेपासून जे कधी झालं नव्हतं ते झालं. दोरी रात्रभर गवतावर राहिली.

तागाची दोरी दव प्यायली की आखडते. हे त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं, म्हणून तर ती खुंटी. पण सकाळी पाचला, डोक्यात न विचारलेला प्रश्न घेऊन, त्याने ती उचलली, पिळली सुद्धा नाही आणि मनोऱ्याकडची बाजू आखून मोकळा झाला. नऊला थ्रॉकलीबाई पुस्तक हातात धरून चारही रेघांवरून चालल्या आणि येईल त्या पाहुण्याला सांगत सुटल्या की मी स्वतः तपासलंय, अगदी पुस्तकाबरहुकूम.

दहाला खेळ सुरू झाला. शेवटचा सामना सोडला तर बाकी सगळे एकेका सेटचे. पंच आमचे शाळामास्तर क्रॅब. त्यांना उंचावरून दिसावं म्हणून जेवणाचं टेबल आणलं, त्यावर खुर्ची ठेवली आणि दोघांनी धरून त्यांना वर चढवलं. एकदा चढल्यावर त्यांना उतरता येत नव्हतं, त्यामुळे सरबतसुद्धा वरच पोचवावं लागत होतं. पहिली नाणेफेक मेजरांनी जिंकली. ते म्हणाले, मी मनोऱ्याची बाजू घेतो, ऊन पाठीवर येतं. आणि जिंकले. मग जो कोणी नाणेफेक जिंकेल तो मेजरांचं बघून तीच बाजू मागायला लागला.

मी सरबताच्या टेबलावर होते. सामने बघायला मला फुरसत नव्हती, पण एक माझ्या लक्षात आलं. जिंकलेला माणूस आधी बायकांकडे जातो आणि हरलेला आधी सरबताकडे येतो. सहा सामने झाले, सहा जण हरून माझ्याकडे आले, आणि सहाच्या सहा सफरचंदाच्या बाजूने आले. एक मिस डॉबेनी होती, डॉक्टरांची मुलगी, ती तर चांगली खेळायची. ती म्हणाली, "केझाया, काय झालंय कळत नाही, माझा प्रत्येक चेंडू बोटभर बाहेर जातोय." म्हटलं, उन्हामुळे असेल बाईसाहेब. पण ऊन काही मनोऱ्याच्या बाजूने पक्षपात करत नव्हतं, बाराला ते सगळ्यांच्या डोक्यावरच होतं.

दुपारी सगळे तंबूत थंड मटण खायला गेले. मला आकडे येत नाहीत, पण माझी टेबलाची चादर मला येते. बारा वर्षं मी तिला इस्त्री करत होते. एक चादर घेतली, तिच्यावर मुद्दाम सरबत सांडलं आणि मैदानात पसरली, वाळत घातल्यासारखी. उचलायची, पुढे पसरायची. जाळीपासून सफरचंदाच्या रेघेपर्यंत सहा चादरी बरोब्बर. मग मनोऱ्याच्या बाजूला. सहावी चादर रेघेच्या बाहेर गेली, चांगली माझ्या कोपरापर्यंत आणि वर वीतभर.

थ्रॉकलीबाई तंबूच्या दारात आल्या. "केझाया, माझ्या टेनिसच्या मैदानावर तू कपडे वाळत घालतेस?"

म्हटलं, डाग पडलाय बाई, उन्हाने जाईल.

"मग गुलाबाच्या कुंपणावर घाल. मेजर बघतायत."

मी चादर गोळा केली. दोन दिवस गप्प बसलं तर किल्ली आपली, हे मला स्पष्ट दिसत होतं. पण नऊ वर्षं ज्याने मला पहिली काकडी दिली त्याच्यापासून हे लपवायचं म्हणजे फार झालं. मी शेडमध्ये गेले. अमोस नवा कोट घालून एका उलट्या कुंडीवर बसला होता, किल्ली मिळाल्यावर काय म्हणायचं त्याचा सराव करत असावा. मी सांगितलं. त्याने दोरीकडे बघितलं, ती आता वाळून खडखडीत झाली होती. मग दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसून राहिला. बाहेर शेवटच्या सामन्याच्या टाळ्या सुरू झाल्या.

शेवटचा सामना मेजर आणि धाकटे पाद्री लव्हिबंड यांचा. लव्हिबंड म्हणजे अंगाने काठी, आवाज असा की प्रार्थनेला पुढच्या दोन बाकांपलीकडे पोचायचा नाही. पण मनगट होतं पोराला. हा सामना तीन सेटचा, आणि सेट संपला की बाजू बदलायची. पहिला सेट मेजर मनोऱ्याकडे होते, मेजर जिंकले. दुसऱ्यात लव्हिबंड मनोऱ्याकडे आले, लव्हिबंड जिंकले. आता तिसऱ्याला मेजर परत मनोऱ्याकडे जाणार. कोण जिंकणार ते मी सरबत ढवळता ढवळता सांगितलं असतं.

तेव्हा कुठे अमोस कुंडीवरून उठला. मी शेडच्या दाराशी त्याची बाही धरली.

"मी सांगून येतो," तो म्हणाला.

"संध्याकाळी सांग. नाहीतर सांगूच नको, पहाटे रेघ सरकव. कुणाला कळणार आहे?"

"लव्हिबंडसाहेबांना त्या मैदानावर खेळायचंय, केझाया."

"लव्हिबंडसाहेबांना त्या घरात राहायचं नाहीये. मला राहायचंय."

माझ्या तोंडून गेलं. नऊ वर्षं मीही बोलले नव्हते. तो लाल झाला, कानापर्यंत. मला वाटलं थांबतो आता. त्याने टोपी काढली, माझ्या हातात दिली आणि चालायला लागला. मी टोपी घेऊन मागून.

दीडशे माणसं होती, छत्र्या होत्या, आणि त्यांच्यामधून हा उघड्या डोक्याने थेट पंचाच्या टेबलापाशी गेला. क्रॅब मास्तर वरून वाकले. अमोस म्हणाला, "साहेब, मैदान चुकलंय. मनोऱ्याची बाजू दोन फूट आखूड आहे. दोरी ओली होती. चूक माझी आहे."

मी डोळे मिटून घेतले आणि मनातल्या मनात पडदे काढून टाकले.

पण पुढे जे झालं ते कुणाच्या बापाला सुचलं नसतं. पहिले बोलले ते मेजर, हा माळी काढा म्हणून चार महिने बाईंच्या मागे लागलेले मेजर. सकाळपासून ते दोन सामने जिंकले होते आणि दोन्ही मनोऱ्याकडून. मैदान आखूड म्हटलं तर ते जिंकणं कशाने झालं, हे त्यांच्या डोक्यात इतक्या झटक्यात शिरलं की मिशा हलल्या.

"मूर्खपणा आहे," मेजर म्हणाले. "मी तीन देशांत मैदानं बघितली. इतकं सरळ आखलेलं एकही बघितलं नाही. हा माणूस आपल्या कामाबद्दल उगाच संकोची आहे."

अमोस म्हणाला, "आखूड आहे, साहेब."

"नाही."

"दोन फूट."

"अरे बाबा, तू उत्तम माळी आहेस, तुला कळत नाही."

मग सकाळी जिंकलेले सगळे उठून उभे राहिले आणि मैदान बरोबर आहे म्हणायला लागले. हरलेले सगळे उठले आणि टेप आणा म्हणायला लागले. मिस डॉबेनी म्हणाली, मला आधीपासून संशय होता. तिला हरवणारा तिचा चुलतभाऊ म्हणाला, संशय तुला हरल्यावर येतो. एका बाईंची छत्री दुसऱ्या बाईंच्या टोपीत अडकली. पाद्रीसाहेब जागे झाले आणि सवयीने सगळ्यांना आशीर्वाद दिला.

आता सगळे थ्रॉकलीबाईंकडे बघायला लागले. टेप बाईंच्या कपाटात होती, मी स्वतः पुसून ठेवलेली. बाई पुस्तक छातीशी धरून उभ्या. सकाळपासून दीडशे माणसांना त्यांनी सांगितलं होतं की मी तपासलंय. त्या म्हणाल्या, टेप काही दिवसांपासून सापडत नाहीये, आणि तशी गरजही नाही, मैदान पुस्तकाबरहुकूमच आहे, अमोसला ऊन लागलंय, केझाया, त्याला सावलीत ने.

मी त्याचा हात धरला. तो हलेना. मी त्याला इतकं चिडलेलं आधी कधी बघितलं नव्हतं, नंतरही एकदाच, तुझ्या मामाने गुलाबावर बकरी सोडली तेव्हा. वीस वर्षांत केलेली एकमेव चूक कबूल करायला तो आला होता आणि सगळं गाव त्याला शाबासकी देत होतं.

तेवढ्यात लव्हिबंड घसा साफ करून पुढे आले. त्यांच्या आवाजासाठी सगळ्यांना गप्प बसावं लागलं. ते म्हणाले, मैदान अर्थातच निर्दोष असणार. पण पुस्तकात असाही एक नियम आहे की खेळाडूने विनंती केली तर पंच प्रत्येक गेमनंतर बाजू बदलायला सांगू शकतात. मला सफरचंदाकडून उन्हाचा त्रास होतो. विनंती करतो.

सफरचंदाच्या बाजूने ऊन डोळ्यांत येत होतं, एवढं खरं. आणि मेजरांना नाही कसं म्हणता येणार? मैदान दोन्हीकडून सारखं आहे, असं त्यांनीच नुकतं छाती ठोकून सांगितलं होतं. क्रॅब मास्तरांनी वरून मान हलवली. मग दर गेमला मेजर इकडून तिकडे, तिकडून इकडे. चौथ्या गेमला त्यांना धाप लागली. सहाव्याला ते जाळीच्या खांबाला धरून उभे राहिले. लव्हिबंडनी सेट सहा-तीन असा घेतला, चांदीचा मुलामा दिलेला पेला घेतला आणि येऊन माझ्याकडे सरबत मागितलं. जिंकूनही आधी सरबताकडे आलेले ते एकटेच.

मेजर अमोससमोरून गेले तेव्हा थांबले. काहीतरी बोलायचं होतं त्यांना. पण दीडशे माणसांसमोर केलेली स्तुती आता परत कशी घेणार? नुसते 'छान मैदान' म्हणाले आणि गेले.

त्यानंतर त्या शहरातल्या माळ्याचं नाव कुणी काढलं नाही. काढणार कसं? टेपवाला माणूस आला असता तर पहिल्या दिवशी त्याने काय मोजलं असतं? मंगळवारी थ्रॉकलीबाईंनी अमोसला बोलावून किल्ली दिली आणि म्हणाल्या, तो विषय पुन्हा नको. तरी हा म्हणालाच, बाई, आखूड होतं. बाई म्हणाल्या, अमोस, जा. बुधवारी पहाटे त्याने रेघ सरकवली. पुढच्या वर्षी मेजर धापा टाकत म्हणाले की या मैदानाची वाढ झालेली दिसते.

मी मात्र त्याच्याशी बोलत नव्हते. घर मिळालं होतं, पण त्याने ते माझ्या डोळ्यांदेखत पणाला लावलं होतं, तेही दोन फूट गवतासाठी. किल्ली घेऊन तो दारात आला तेव्हा मी कणीक मळत होते. मागे वळून बघितलं नाही.

"हवा," तो म्हणाला, आणि थांबला. मग म्हणाला, "हवेचं राहू दे. चर्चमध्ये नावं पुकारायला तीन रविवार लागतात. या रविवारी सुरू केलं तर ऑगस्टात होईल."

"कुणाची नावं?"

"एक माझं देणार आहे. दुसरं तू सांग."

मी म्हटलं, "परत कधी घर पणाला लावायचं असेल तर आदल्या दिवशी मला विचारशील?"

त्याने विचार केला. खोटं बोलायचा माणूसच नव्हता तो. म्हणाला, "आदल्या दिवशी नाही जमलं तर त्याच दिवशी सकाळी."

मी हात पुसले आणि होय म्हटलं.

नावं लव्हिबंडनीच पुकारली. या विवाहाला कुणाची हरकत असेल तर बोला, असं विचारतात ना, तेव्हा सगळं चर्च मान वळवून मेजरांकडे बघायला लागलं. मेजर समोर खांबाकडे बघत बसले. तीनही रविवार.

ऑगस्टात आम्ही त्या घरात राहायला गेलो. मी पडदे लावले, चूल पेटवली आणि सगळा धूर खोलीत आला. धुराडं पहिल्यापासूनच तसं होतं म्हणे. म्हाताऱ्या माळिणीला ठाऊक होतं, अमोसलाही ठाऊक होतं. मी खोकत बाहेर आले आणि त्याला विचारलं, सांगितलं का नाहीस? तो म्हणाला, "तू विचारलं नाहीस."

एक्केचाळीस वर्षं मी त्या धुरात स्वयंपाक केला.